गल्लीपर्यंत आलेले पाहुणे

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पॅनिश हॉटेल उघडलं, तेव्हा यात कुठंतरी पाणी मुरतंय असं सगळ्यात आधी मी बोलून दाखवलं. तिथं पूर्वी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. एका उन्हाळ्यात शटरला लाल-पिवळा रंग लागला, आत गोल टेबलं आली आणि भिंतीवर कुणीतरी एक भलीथोरली परात रंगवून ठेवली. परातीत पिवळाधम्मक भात, भातावर मिशा वर करून पडलेली कोळंबी. पाटी तेलुगूत, इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीत नाही, आणि ते आता आम्ही विचारतही नाही. भाताचं नाव पाएया. गल्लीत मात्र ते नाव कुणी घेत नाही, सगळे ‘परातीचा भात’ म्हणतात.

आदिलाबादेत बिर्याणी मिळते, हायवेला लागलं की ढाबेच ढाबे आहेत. मग हा उपद्व्याप कुणासाठी? मालक मूळचा इचोड्याचा. तिथं ढाब्यावर भट्टी सांभाळायचा, मग दुबईला गेला, तिथून स्पेनला. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात वर्षानुवर्षं हाच भात रांधून परत आला. आईचं दुखणं म्हणून आला असं तो सांगायचा. गल्ली सांगायची की तिकडून हाकललं. भातात गोगलगायी घालतो, ही बातमी दूधवाल्यानं आणली. पिवळा रंग जिलबीत घालतात तो आहे, ही माझी स्वतःची खात्री. पुढं रविवारी नागपूरच्या, हैदराबादच्या गाड्या तिथं उभ्या राहायला लागल्या, तरी माझं मत हललं नाही. गर्दी असते तिथं सगळं चांगलं असतं असं मानलं, तर आमच्या ऑफिसाइतकं चांगलं ठिकाण अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

मी मंडल कार्यालयात कारकून आहे. आधी नार्नूरला होते, आता इथं. पहाणीची, म्हणजे तुमच्या सातबाऱ्याची, नक्कल काढायला, दरख्वास्त द्यायला दिवसभर माणसं येतात, आणि जो सगळ्यात गोड हसतो त्याचाच कागद खोटा निघतो. त्यामुळे हसणाऱ्या माणसाकडं मी आधी संशयानं बघते, मग हसते. माझ्या नवऱ्याला हे आवडायचं नाही. तो शाळामास्तर होता, जगावर विश्वास टाकून चालायचा. तो गेला, आणि घरात संशय घ्यायचं काम एकटीवर पडलं. ते मी चोख करते.

आम्ही बौद्ध. माझ्या पिढीनं नोकऱ्या धरल्या, घरं बांधली, फरशी घातली, आणि मग एक नवी विद्या शिकलो. आपल्या घरी कोण खातं आणि कोण कसं टाळतं, हे ओळखायची विद्या. गृहप्रवेशाला बोलावलेले सहकारी दारातच सांगतात, आत्ताच जेवून निघालो. कुणाचा गुरुवार असतो. कुणाला डॉक्टरनं बाहेरचं बंद केलेलं असतं, आणि त्याच माणसाला मी दुसऱ्या दिवशी स्टँडवर समोसे हाणताना पाहिलेलं असतं. तोंडावर कुणी काही बोलत नाही. सगळे सभ्य आहेत. म्हणून तर लक्ष ठेवावं लागतं.

आणि अशात माझ्या लेकीनं पैनगंगेकाठच्या एका कापूसवाल्या शेतकरी घरातला मुलगा पसंत केला. ती इथल्या एका दवाखान्याच्या औषधांच्या दुकानात असते, तो त्याच दवाखान्यात रक्त-लघवी तपासतो. मुलगा मला आवडला, हे सांगून टाकते. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी मुद्दाम जेवायला वाढलं. त्यानं भाकर कुस्करली, वर वांग्याची भाजी ओतली, दुसऱ्यांदा मागून घेतली आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. नंतर कितीदा आला आणि जेवला, मी मोजलं नाही. त्याच्यावर संशय घ्यायचं मी त्या दिवसापासून बंद केलं. राहिले त्याचे आईबाप. ते माझ्या लेकीला घरात घेतील ते कसं, आपल्या पंगतीला बसवतील की वर्षानुवर्षं हसून बाजूला ठेवतील, एवढंच मला बघायचं होतं. त्याशिवाय मी हो म्हणणार नव्हते.

लेकीनं एका संध्याकाळी सांगितलं, “आई, त्याचे आईबाबा रविवारी येऊन राह्यले.”

“येऊ दे की. पुरणाचं करू का मटणाचं?”

ती मोबाइलकडं बघत म्हणाली, “घरी नाई. आपल्या गल्लीतलं ते स्पॅनिश हॉटेल हाय ना, तिथं भेटू म्हणतात.”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. ज्या माणसांनी जन्मात कधी परातीचा भात ऐकला नसेल, ती माणसं नदीकाठच्या खेड्यातून निघणार, माझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येणार आणि माझ्या उंबऱ्याला पाय न लावता हॉटेलात बसणार. गुरुवार आणि डॉक्टर मी पाहिले होते, स्पेन देश पहिल्यांदाच मध्ये घातलेला पाहत होते. हॉटेलात जेवलं की कुणाच्या घरचं खाल्लं असं होत नाही, आणि वर भेटायला आलो होतो असं सांगायलाही मोकळे. डोकं लढवलं होतं, हे मानायला हवं. मला इतका राग आला की मी लेकीला म्हटलं, “चांगलं हाय. जाऊ.” रागात मी नेहमी थोडंच बोलते.

रविवारी दुपारी आम्ही दोघी चालत गेलो. ते आधीच येऊन बसले होते. मुलगा उठून पाया पडला. त्याचे वडील उंच, हडकुळे, पांढरा शर्ट-पायजमा घातलेले, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. आई ठेंगणी, हिरव्या काठाचं लुगडं, डोक्यावर पदर. तिनं हात जोडले आणि म्हणाली, “बसा मॅडम.” माझ्याच गल्लीत मला बसा म्हणाली. तिच्या पायाशी एक कापडी पिशवी होती, तोंड घट्ट बांधलेली. बोलताना ती अधूनमधून पायानं पिशवी आत सरकवायची. त्यात काय असेल याचा विचार मी जेवण येईपर्यंत केला.

मालक स्वतः आला. “मॅडम, आप पहली बार आए,” तो म्हणाला. त्यानं ते लक्षात ठेवलं होतं, ते मला आवडलं नाही. पाच माणसांना एकच परात पुरे, आधी सांगितलं होतं तशी चढवलीच आहे, असं म्हणून त्यानं भट्टीकडं बोट केलं. स्वयंपाकघराला भिंत नव्हती, सगळं उघडं. दोन कड्यांची रुंद, उथळ लोखंडी कढई, खाली गॅसचं मोठं गोल चक्र. रस्सा खदखदत होता. त्यात कोंबडी, फरसबी, वालाचे दाणे, लाल तिखट. त्यानं मुठीमुठीनं तांदूळ पसरला आणि मग हात बांधून उभा राहिला.

“ढवळत नाही का?” मी विचारलं.

“हिलाए तो खराब होता मॅडम. एक बार डाल दिए, फिर छूना नै.”

भात ढवळू देत नाही म्हणजे तळाशी काहीतरी आहे, एवढं मला कळत होतं. मी उठून भट्टीपाशी गेले. रंगाची पुडी दिसते का ते पाहिलं. त्यानं एक काचेची बाटली दाखवली, त्यात केशराच्या काड्या. केशर मी लग्नाकार्यात पाहिलंय, पण त्यावरही माझा भरवसा नाही, मक्याची कणसं सोलून त्यांचे केस रंगवून विकणारे आमच्याकडं कमी नाहीत. तो शांतपणे म्हणाला, सूँघके देखो. मी वास घेतला. खरं होतं. तरी परत येऊन बसताना मी लेकीच्या कानात म्हटलं, “बाटलीत खरं असंन. कढईत काय टाकलं ते कोणाले माईत?”

तोवर टेबलावर बोलणं चाललं होतं ते पावसापाण्याचं. कापसाला बोंडं कशी धरली, बोंडअळी यंदा कुठवर आली, ज्वारी आता कुणी पेरत का नाही. मीही ऑफिसातल्या गोष्टी सांगितल्या. लग्नाचा शब्द कुणी काढेना. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, आणि चारी बाजूंनी सगळ्यांनी आपापलं भांडं लपवलं होतं. मुलगा मात्र आज जास्तच हसत होता. मी ते लाजण्याच्या खात्यावर टाकलं.

परात आली. ओल्या फडक्यानं झाकून ती आधी तशीच ठेवली, मग मालकानं फडकं ओढलं. भिंतीवरच्या चित्रासारखी कोळंबी होती, शिवाय काळे शिंपले, तोंड उघडून बसलेले. मुलाच्या वडिलांनी वाकून पाहिलं.

“हे आपल्या नदीतले व्हय?”

“नै काका, समंदर के. हैदराबाद से बरफ में आते.”

“आमच्या इकडं पोट्टे खेळतात याच्यानं,” वडील म्हणाले आणि एक शिंपला उचलून बाजूला ठेवला.

मालकानं प्रत्येकाच्या हातात चमचा दिला. ताटली नाही. तिकडं रविवारी घरातली सगळी माणसं परातीभोवती बसतात आणि आपल्या समोरचं कडेकडून खात आत जातात, दुसऱ्याच्या समोरचं घेत नाहीत, हे त्यानं समजावून सांगितलं. म्हणजे एकाच भांड्यातून खायचं. मी मनात म्हटलं, बरं झालं. आता बघते, कोण खातं आणि कोण नाही.

मुलाच्या आईनं चमचा उचलला नाही. ती मालकाला म्हणाली, “दादा, ताटल्या देता का?”

आलं, मी म्हटलं.

“काऊन ताई?” मी विचारलं. आवाज जमेल तितका मऊ ठेवला होता.

“लग्नाच्या पोरीनं कढईत नाई खाव,” ती म्हणाली. “लग्नात पाऊस येते.”

हे आम्हीही लहानपणापासून ऐकलंय. कढईत खरवडून खाताना आईनं पाठीत धपाटा घातला नाही असं माणूस आमच्या भागात सापडणार नाही. पण खरी समजूत खोट्या कामाला वापरता येतेच की. माझी लेक आणि या बाईचा मुलगा, पाऊस यायचा तर या दोघांच्या लग्नात. मग ताटल्या सगळ्यांना कशाला?

मालकानं ताटल्या द्यायचं साफ नाकारलं. “प्लेट में डाले तो पाएया किधर रहा,” म्हणाला. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा हॉटेलवाला मी तो एकच पाहिला.

शेवटी तोडगा वडिलांनी काढला. त्यांनी चमच्याच्या दांड्यानं भातावर मधोमध एक रेघ ओढली, मग आडवी एक, मग एकाच तुकड्यात तिरकी. पाच वाटे झाले. धुरा घातला त्यांनी, शेताच्या दोन तुकड्यांत असतो तसा. हिस्सेवाटणीत तीन भावांना जमीन तोडून देताना गावातली जाणती माणसं घालतात तितक्या सवयीनं. आपला वाटा सगळ्यात लहान ठेवला आणि माझ्या लेकीच्या वाट्यात कोंबडीचा तुकडा सरकवला. “आता कढईत नाई खाल्लं, आपापल्या वावरात खाल्लं,” ते म्हणाले. सगळे हसले. धुऱ्यावरून किती खून पडलेत ते मला ऑफिसात बसून माहीत आहे, त्यामुळे मी जरा कमी हसले. आईच्या वाट्याची आणि माझ्या वाट्याची हद्द एक होती. मी तिच्या चमच्यावर डोळा ठेवला.

तिनं खाल्लं. आधी थोडं, मग नीट. शिंपल्याला तिनं हात लावला नाही, पण मीही लावला नाही. भात काही केल्या आपल्या भातासारखा लागत नव्हता, दाणा आतून घट्ट, वरून लिंबू पिळलेला, धुरकट तिखटाची चव जिभेवर रेंगाळणारी. चांगला होता, हे मला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. आणि मग चमचा तळाला लागला. तळाशी लपवलेलं ते हे: करपायच्या एक क्षण आधी उतरवलेली, लालसर, कुरकुरीत खरवड. त्याच्याचसाठी तो ढवळू देत नव्हता. मुलाची आई पहिल्यांदा मोकळी हसली. “हे आमच्या घरी मले कधी भेटत नाई,” ती म्हणाली. “गड्याइले वाढून होते तवर संपून जाते.”

मला ती आवडायला लागली होती आणि तेच मला खपेना. शितावरून भाताची परीक्षा होते, माणसांची होत नाही. मी चमचा ठेवला.

“एक विचारू का ताई? माझं घर इथून दिसते. ते हिरव्या दाराचं. इथपर्यंत आल्या तुमी, मग हॉटेलात काऊन बसलो आपण?”

तिनंही चमचा ठेवला. “काऊन म्हणजे? तुमीच तर सांगितलं ना?”

“मी?”

“पोरगा म्हणे, मॅडमले घरी नाई जमत, त्याइले हॉटेलातच भेटाचं हाय.” तिचा चेहरा उतरला होता. “मी याइले म्हटलंबी, आपण खेड्यातले, त्या ऑफिसातल्या. नसंन वाटत त्याइले आपल्याले घरात घ्याव. तुमच्यासाठी ज्वारीच्या पापड्या आणल्या होत्या मी. आता हॉटेलात कशा देऊ म्हणून ठेवल्या खाली.” आणि तिनं पायानं पिशवी पुढं सरकवली.

दोन्हीकडच्या दोन आया आठवडाभर एकमेकींवर जळत बसल्या होत्या. आम्ही दोघींनी एकदमच मुलाकडं पाहिलं. मग मी माझ्या लेकीकडं पाहिलं. ती लिंबाच्या फोडीतल्या बिया काढत होती.

“काकू, मीच सांगितलं दोघाइले,” मुलगा म्हणाला. हसू अजून तोंडावर होतं. “मोठ्या बाबाले अजून माईत नाई. तुमच्या घरी जेवून गेले असते तर गावात कळलं असतं. आन् तुमाले आमच्या घरी बोलावलं असतं तर...”

“तर काय?”

तो वडिलांकडं बघायला लागला. घर अजून एकत्र होतं, आणि चालायचं ते त्याच्या थोरल्या काकांचं, हे मला लेकीनं सांगितलं होतं. वडिलांनी चमचा पुसून खाली ठेवला.

“तर मोठे भाऊ तुमचं पान पडवीत मांडाले लावतील, मॅडम,” ते म्हणाले. “मी खोटं नाई बोलत. माणूस वाईट नाई, पण ते सुटत नाई त्याइच्यानं.”

इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर हे कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. गुरुवार नाही, डॉक्टर नाही. मला वाटलं होतं, कुणीतरी खरं बोललं की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. माझा बाप असल्याच एका गावात सालदार होता. मालकाच्या गोठ्याच्या वळचणीला त्याची जर्मनची थाळी खोचलेली असायची. दुपारी तो ती काढायचा, वरून टाकलेलं खायचा, घासायचा आणि परत खोचायचा. त्या घरातली माणसंही वाईट नव्हती. बाप नेहमी हेच सांगायचा, आणि ते ऐकलं की मी त्याच्याशी भांडायचे.

“माझं पान राहू द्या,” मी म्हटलं. “मी एका दिवसाची पाहुणी. लगन झाल्यावर माझी लेक कुठं जेवन?”

बोलला मुलगा. समजूत घालायच्या सुरात, जणू एवढ्याशा गोष्टीसाठी मी उगाच जीव वर-खाली करत होते.

“काकू, ते बोलणं झालं आमचं. सुरुवातीले थोडे दिवस ती पडवीत जेवन. मोठे बाबा रुळले का मंग येईन आत. तिले माईत हाय. तिनं हो म्हटलं हाय.”

मी केशर हुंगलं होतं. कढईचा तळ तपासला होता, पिशवीचं तोंड तपासलं होतं, एका बाईच्या चमच्याकडं डोळ्यात तेल घालून पाहत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती माझ्या शेजारी बसली होती, आणि ती आधीच हो म्हणून मोकळी झाली होती.

“खरं हाय?” मी विचारलं.

“आई, थोडेच दिवस,” ती म्हणाली. “त्यात काय एवढं. जेवण तर तेच राहीन.”

मला रडू आलं नाही, संताप आला. तिला शिकवलं, तिच्या बापानं खांद्यावर बसवून जयंतीच्या मिरवणुका दाखवल्या, ताठ मानेनं राहायचं एवढं एकच सांगत आलो, आणि तिनं ते सगळं कुणी नीट मागायच्या आधीच देऊन टाकलं होतं. हौसेनं. प्रेमात. मी उठणारच होते, तेवढ्यात मुलाच्या आईनं टेबलावर हात ठेवला.

“कोणाले इचारून हो म्हटलं?” ती मुलाला म्हणाली. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या आवाजावरूनच कळलं.

“आई, तू मधात नको...”

“मधात म्हणजे? पडवी माझ्या घरची हाय.” मग ती माझ्या लेकीकडं वळली. “पोरी, माझं लगन झालं तवा आमचे जेठ, याचे मोठे बाबा, म्हणाले, सून सारखी माहेरी नाई धावाले पायजे, रुळू द्या थोडे दिवस. मी म्हटलं, थोडेच दिवस हायेत. हो म्हटलं. याच्या बापानंबी हेच म्हटलं होतं, रुळले का मंग जाशील.” तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. “माहेर तीन कोसावर हाय माझं. माय मेली तवा गेली मी. त्याच्या आधी नाई.”

हॉटेलात इतर टेबलांवर लोक फोटो काढत होते, कुणाची तरी परात येत होती.

“त्या घरात एकडाव हो म्हटलं का ते कोणी वापस देत नाई,” ती म्हणाली. “तू अशी हो म्हणून माझ्या घरात येऊ नको. मी नाई घेणार.”

लेकीचे डोळे भरून आले. मुलगा अवघडून हसला. “आई, तू काहीबी इषय वाढवून राह्यली. मी हाय ना तिच्यासंगं.”

“संगं हायेस?”

“हाव.”

“मंग तूच जेव पडवीत. ती आत जेवन माझ्यापाशी, तू बाहेर पान मांडून घे. थोडेच दिवस. मोठ्या बाबाले मी सांगते. मंजूर हाय?”

सगळे त्याच्याकडं बघायला लागलो. मी, त्याचे आईबाप, आणि माझी लेक. लेक तर अशी बघत होती की तिला उत्तर माहीतच आहे, फक्त आम्हाला ऐकवायचं आहे. त्यानं मान चोळली, दाराकडं पाहिलं, परातीतला एक दाणा चमच्यानं कडेला नेला. एवढा वेळ हसणारा मुलगा, आता हसत नव्हता.

“पाहू,” तो म्हणाला.

मी मंडल कार्यालयात रोज किती जणांना ‘पाहू’ म्हणते. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको.

लेकीनं डोळे पुसले. तिनं आवाज चढवला नाही, मी चढवला असता. “तू मले इचारलं तवा मी पाहू नाई म्हटलं,” ती त्याला म्हणाली. “लगेच हो म्हटलं.”

मग ती उठली. तिच्यामागून मी उठले, आणि माझ्यामागून त्याची आई.